एक अब्ज शहात्तर कोटींचा ताळा

काशीच्या रामघाटावर वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय नावाची वेदशाळा आहे. रामघाटापासून बालाजीघाट, पंचगंगाघाट, दुर्गाघाट व ब्रह्माघाट असा घाटांचा जो पट्टा लागतो, त्याच्या मागील गल्ल्यांतून मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. ह्या विद्यालयात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अहिल्यानगरच्या एका एकोणीस वर्षांच्या युवकाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतील सुमारे दोन हजार मंत्रांचे दंडक्रम पारायण पन्नास दिवसांत पुरे केले. वृत्तपत्रांनी त्याच्या स्मरणशक्तीचे कौतुक केले व ते योग्यच होते. तथापि ह्या पाठपद्धतीत स्मरणशक्तीहून अधिक विचार करण्याजोगे असे काही आहे, आणि त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

वेदपाठाचे क्रम, जटा, घन इत्यादी प्रकार आहेत. जटापाठात पहिला व दुसरा शब्द सुलट, मग उलट, मग पुन्हा सुलट म्हणावयाचा; त्यानंतर दुसरा व तिसरा शब्द घेऊन तेच करावयाचे. घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन असा क्रम चालतो. हे सारे कशासाठी? एखादा शब्द गळला, बदलला किंवा मागेपुढे झाला, तर तो उलट म्हणताना अडावा आणि चूक तेथल्या तेथे उघडी पडावी, हा त्यांतील मोठा लाभ. लेखनाचा आधार न घेता ज्यांनी एवढा मोठा ग्रंथ जपला, त्यांनी केवळ 'लक्षात ठेवा' असे सांगितले नाही. लक्षात ठेवलेले पडताळण्याची युक्तीही त्याच पाठात गुंफून दिली. स्मरण आणि पडताळा ही दोन्ही तेथे एकाच श्वासात चालतात.

मला आज जे मांडावयाचे आहे ते वेदपाठाविषयी नाही, एका संख्येविषयी आहे. ती संख्या १,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. आमच्यासारख्या विज्ञानाचे अनुवाद करणाऱ्यांच्या हातून ती वारंवार जाते. शाळांच्या भित्तिपत्रकांवर ती झळकते, गणितदिनाच्या भाषणांत तिचा उल्लेख होतो. परंतु ती ज्या रीतीने मुलांपुढे ठेवली जाते, त्या रीतीत स्मरण आहे, अभिमान आहे, पडताळा मात्र नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच. आणि ती करताना मी स्वतःस वगळत नाही.

प्रथम ही संख्या कोठून आली ते पाहू. सन १११४ मध्ये जन्मलेले भास्कराचार्य हे सह्याद्रीच्या परिसरातले. चाळीसगावाजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा उल्लेख आहे. भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' ग्रंथात असा प्रश्न घातला: अशी कोणती पूर्ण संख्या आहे की जिच्या वर्गास ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्गच असेल?

प्रश्न किती साधा दिसतो! ६१ च्या जागी ६० घ्या. ४ चा वर्ग १६. १६ गुणिले ६० म्हणजे ९६०. त्यात १ मिळविला की ९६१, आणि तो ३१ चा वर्ग आहे. आता ६२ घ्या. ८ चा वर्ग ६४. ६४ गुणिले ६२ म्हणजे ३,९६८. एक मिळविला की ३,९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. दोन्ही उत्तरे चौथीच्या मुलालाही सापडतील. ह्या दोन शेजाऱ्यांच्या मधे बसलेल्या ६१ चे सर्वांत लहान उत्तर मात्र २२,६१,५३,९८० आहे, आणि त्यापासून मिळणारा वर्ग ज्या संख्येचा आहे तीच आपली १,७६,६३,१९,०४९. कोणी एक, दोन, तीन असे क्रमाने तपासत बसला आणि रात्रंदिवस न थांबता दर सेकंदास एक संख्या तपासू शकला, तरी उत्तरापर्यंत पोहोचण्यास त्याला सात वर्षांहून अधिक काळ लागेल.

ह्या ठिकाणी आपल्याकडील बहुतेक लेख थांबतात. काही म्हणतात, केवढा हा चमत्कार! काही म्हणतात, युरोपात फेर्मा ह्या फ्रेंच गणितज्ञाने नेमका ६१ चाच प्रश्न १६५७ मध्ये आपल्या समकालीनांस आव्हान म्हणून घातला, तेव्हा त्याचे उत्तर आपल्या पोथ्यांत पाच शतके लिहिलेले होते. दोन्ही विधानांत तथ्य आहे. पण विद्यार्थ्याच्या हाती काय पडले? एक दहा अंकी संख्या, जी त्याने ऐकून घ्यावयाची, आणि एक अभिमान, जो त्याने उसना घ्यावयाचा. उद्या कोणी त्याला दुसरीच दहा अंकी संख्या दाखवून तेवढ्याच आवेशाने काही सांगितले, तर तीही तो तितक्याच श्रद्धेने मानील. खरी आणि खोटी संख्या ओळखण्याचे साधन आपण त्याच्या हाती दिलेलेच नाही.

ते साधन कोणते, हे पाहण्यासाठी भास्कराचार्यांच्या वाटेने थोडे चालू. त्यांच्या परिभाषेत ६१ ही 'प्रकृती', जिचा वर्ग घेऊन प्रकृतीने गुणावयाचे ती 'कनिष्ठ', मिळवावयाची ती संख्या 'क्षेप' आणि अखेर ज्या संख्येचा वर्ग येतो ती 'ज्येष्ठ'. आपल्याला क्षेप १ हवा आहे. तो एकदम मिळत नसेल तर दुसऱ्या क्षेपापासून आरंभ करावा. कनिष्ठ १ घेतल्यास ६१ मध्ये ३ मिळविले की ६४, म्हणजे ज्येष्ठ ८ व क्षेप ३.

आता चक्रवाल पद्धतीची एक फेरी. एक गुणक असा निवडावा की, त्याला कनिष्ठाने गुणून ज्येष्ठ मिळविले असता क्षेपाने निःशेष भाग जावा, आणि त्याचा वर्ग प्रकृतीच्या शक्य तितका जवळ असावा. येथे तो गुणक ७ येतो. नवे कनिष्ठ ७ अधिक ८ भागिले ३, म्हणजे ५. नवे ज्येष्ठ ८ गुणिले ७ अधिक ६१ भागिले ३, म्हणजे ११७ भागिले ३, म्हणजे ३९. नवा क्षेप ४९ वजा ६१ भागिले ३, म्हणजे उणे ४. पाहा: ५ चा वर्ग २५, त्याला ६१ ने गुणून १,५२५, त्यातून ४ वजा जाता १,५२१, आणि हा ३९ चाच वर्ग.

पुढची युक्ती ब्रह्मगुप्ताची, सन ६२८ च्या ग्रंथातील. तिचे नाव 'भावना'. दोन उत्तरे हाती असतील तर त्यांच्या मेळातून तिसरे करता येते: एकाचे कनिष्ठ दुसऱ्याच्या ज्येष्ठाने, दुसऱ्याचे कनिष्ठ पहिल्याच्या ज्येष्ठाने गुणून बेरीज केली की नवे कनिष्ठ, दोन्ही ज्येष्ठांच्या गुणाकारात दोन्ही कनिष्ठांचा व प्रकृतीचा गुणाकार मिळविला की नवे ज्येष्ठ, आणि क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप. आपल्याजवळ क्षेप उणे ४ आहे. कनिष्ठ व ज्येष्ठ निम्मे केले तर क्षेप चौथाई होतो. म्हणून पाच द्वितीयांश व एकोणचाळीस द्वितीयांश ह्यांचा क्षेप उणे १. ह्या जोडीचा तिच्याशीच मेळ केला असता १९५ द्वितीयांश व १,५२३ द्वितीयांश ही जोडी येते, क्षेप १. अपूर्णांक आहेत, पण घाबरण्याचे कारण नाही. हिचा पहिल्या जोडीशी पुन्हा मेळ केला की अपूर्णांक गळून पडतात: कनिष्ठ ३,८०५, ज्येष्ठ २९,७१८, क्षेप उणे १. आणि ह्या जोडीचा तिच्याशीच एकदा मेळ केला की कनिष्ठ २२,६१,५३,९८०, ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९, क्षेप १. सात वर्षांचे काम वहीच्या एका पानावर आटोपले.

ज्याने ही वाट स्वतः चालून पाहिली त्याला ही संख्या आता निराळीच दिसू लागते. तिचे शेजारी पाहा. तिच्यातून १ वजा केला की १,७६,६३,१९,०४८ राहतात. ते म्हणजे २९,७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट. तिच्यात १ मिळविला की १,७६,६३,१९,०५० होतात. ते म्हणजे ३,८०५ च्या वर्गाची बरोबर १२२ पट, म्हणजे ६१ ची दुप्पट पट. कोणत्याही संख्येच्या वर्गातून १ वजा करणे म्हणजे तिच्या मागच्या व पुढच्या शेजाऱ्यांचा गुणाकार करणे, हे शाळेतले सूत्र आहे. येथे तो गुणाकार ६१ पट पूर्ण वर्ग व्हावयाचा आहे, आणि दोन शेजाऱ्यांनी तो भार आपापसांत कसा वाटून घेतला आहे ते ह्यावरून दिसते.

ह्यातून एक मोठी सोय होते. १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग एकोणीस अंकी आहे: ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१. खिशातल्या दहा-बारा अंकी गणकयंत्रावर तो मावत नाही. यंत्र पुढचे अंक दाखविते आणि मागचे सोडून देते. आणि आपला सारा प्रश्न तर शेवटच्या अंकात, मिळविलेल्या त्या एकात आहे. यंत्राला तो एक दिसतच नाही. पण शेजाऱ्यांचे रहस्य ज्याला कळले, त्याला एकोणीस अंकांची गरजच उरत नाही. २९,७१८ चा वर्ग ८८,३१,५९,५२४. ३,८०५ चा वर्ग १,४४,७८,०२५. त्याची ६१ पट ८८,३१,५९,५२५. दोहोंत एकाचा फरक. एवढे पाहिले की मोठ्या उत्तराची खात्री पटते, आणि एवढे काम साध्या यंत्रावर किंवा पाटीवरही होते. यंत्र नको असे माझे म्हणणे नाही. यंत्राला कोणता प्रश्न घालावा हे कळण्यासाठी आधी वाट चाललेली असावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

आणखी एक गंमत. ही संख्या मूळसंख्या नव्हे. तिचे मूळ अवयव ११, ५९, १,५२३ आणि १,७८७. ह्यांतील १,५२३ ओळखीचा वाटला का? वर अपूर्णांकांच्या पायरीवर जो ज्येष्ठ आला होता त्याचा अंश तोच होता. हा योगायोग नाही. १,५२३ च्या वर्गातून ३ वजा करून, उरलेल्याचे निम्मे करून, त्याला १,५२३ ने गुणले की आपली संख्या येते. वाटेतली पायरी उत्तराच्या पोटात अशी शिल्लक राहते. उलट २२,६१,५३,९८० चे मूळ अवयव २, ३, ५, १३, १२७ व ७६१. त्यांतील २ व ३ दोन-दोन वेळा येतात. दोन्ही यादींत एकही अवयव समान नाही, आणि असणे शक्यही नाही. कारण असता तर त्याने १ लाही भाग गेला असता. शिवाय मोठ्या संख्येला लहान संख्येने भागले तर ६१ च्या वर्गमूळाची इतकी जवळची किंमत मिळते की फरक १ भागिले १० चा सतरावा घात ह्याहूनही कमी राहतो.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी मी एका इंग्रजी पुस्तिकेचा संक्षेप केला होता. पाने मर्यादित होती. अशा वेळी अनुवादकाची कात्री प्रथम कोठे चालते? कथा राहते, थोरांची नावे राहतात, उत्तर राहते; गळतात त्या मधल्या पायऱ्या. मीही त्या गाळल्या. पुस्तिका छापून आली तेव्हा संख्येतले दोन अंक मागेपुढे झाले होते: १,७६,६३,९१,०४९. मी मुद्रिते दोनदा वाचली होती. मला ते दिसले नाही. पुढे एका शिक्षकांचे पत्र आले. त्यांनी लिहिले होते की, वर्गात मुलांनी नवाचा ताळा घेतला, तो जमला. अकराचा घेतला, तो जमेना. तरी खरी संख्या कोणती ते कळवावे.

ह्या पत्राने मला शरमही वाटली आणि आनंदही झाला. आपल्या जुन्या हिशेबनिसांचा ताळा येथे किती नेमके काम करतो ते पाहा. नवाच्या ताळ्यात संख्येचे अंक मिळवावयाचे व ९ चे गट टाकून द्यावयाचे. दहाला ९ ने भागले असता १ उरतो, म्हणून ही रीत चालते. २२,६१,५३,९८० च्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे शेष शून्य. त्याच्या वर्गाची ६१ पट शून्यच. अधिक १ म्हणजे १. दुसरीकडे १,७६,६३,१९,०४९ च्या अंकांची बेरीज ४६, म्हणजे १०, म्हणजे १. त्याचा वर्ग १. ताळा जमला. पण चुकीच्या संख्येतही अंक तेच आहेत, फक्त जागा बदललेल्या. म्हणून तिचाही ताळा जमतो. शब्द सारे आले की नाहीत एवढेच मोजणाऱ्या आणि क्रमाकडे न पाहणाऱ्या श्रोत्यासारखा हा नवाचा ताळा आहे.

अकराच्या ताळ्यात उजवीकडून एक अंक मिळवावयाचा, पुढला वजा करावयाचा, असे करीत जावयाचे. येथे जागेला महत्त्व येते. लहान संख्येचा शेष ८, त्याचा वर्ग ६४, शेष ९. ६१ चा शेष ६. सहा नव्वे चोपन्न, अधिक १ पंचावन्न, शेष शून्य. खऱ्या संख्येचा शेषही शून्य येतो, कारण ११ हा तिचा अवयवच आहे. माझ्या छापील संख्येचा शेष ५ येतो, त्याच्या वर्गाचा ३. चूक पकडली गेली. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल ओळखणारा हा ताळा जटापाठाचा दूरचा नातलगच म्हणावा. अर्थात त्यालाही मर्यादा आहे. एक जागा सोडून पलीकडच्या अंकाशी अदलाबदल झाली तर ती त्यालाही दिसत नाही. ताळा चूक दाखवितो. तो जमला म्हणजे उत्तर खरे ठरलेच असे मात्र नव्हे.

म्हणूनच ताळ्याच्या पुढची पायरी 'उपपत्ती'. भास्कराचार्यांनीच म्हटले आहे की उपपत्तीवाचून गणिती विद्वानांच्या सभेत मान पावत नाही, आणि त्याची स्वतःचीही शंका फिटत नाही. ह्या मताचा पाठपुरावा ज्यांनी केला त्यांत एक मोठे नाव काशीचे आहे. विदर्भातील पयोष्णीतीरावरच्या दधिग्रामातील एक ज्योतिषी घराणे काशीस येऊन राहिले. त्यातील कृष्ण दैवज्ञांनी, जहांगीर बादशहाच्या काळात ज्यांना राजमान्यता होती त्यांनी, भास्करीय बीजगणितावर 'बीजपल्लव' अथवा 'नवांकुर' ह्या नावाने ओळखली जाणारी टीका लिहिली. ती १९३० मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमाने छापली. नियम सांगून ते थांबत नाहीत. तो का खरा, हे समजावतात. ऋण संख्या म्हणजे काय हे सांगताना ते काशीनगरीच मध्यबिंदू धरतात: पूर्वेस पंधरा योजनांवर पाटणा, पश्चिमेस आठ योजनांवर प्रयाग, तेव्हा दोहोंमधील अंतर तेवीस योजने. एक दिशा धन मानली तर दुसरी ऋण. घराच्या उंबऱ्यावर उभे राहून समजेल असे हे उदाहरण आहे. विद्यार्थ्याने विश्वास ठेवू नये, त्याला पटावे, ही ह्या टीकाकाराची इच्छा चारशे वर्षांनंतरही जाणवते. पुढे १८१७ मध्ये कोलब्रुकने बीजगणिताचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने ह्या टीकेचा मोठा आधार घेतला. त्यानंतर १८४२ पासून काशीच्या संस्कृत पाठशाळेत गणित शिकविणारे बापूदेव शास्त्री हेही मूळचे अहमदनगरकडील घराण्यातले. त्यांनी भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणी' १८६६ मध्ये संपादून छापला.

उपपत्तीची ही शिस्त इतिहासालाही लावली पाहिजे. अभिमानाच्या भरात आपण म्हणतो की भास्कराचार्यांनी हा प्रश्न सोडविला आणि युरोपाने पुढे त्याची नक्कल केली. पडताळून पाहिले तर चित्र अधिक खरे आणि अधिक सुंदर आहे. भावना ब्रह्मगुप्ताची. चक्रवालही भास्कराचार्यांच्या आधी जयदेव नावाच्या गणितज्ञास ठाऊक होते. १०७३ मधील एका टीकेत त्याचे श्लोक उद्धृत आहेत आणि ते १९५४ मध्ये लखनौच्या कृपाशंकर शुक्लांनी प्रकाशात आणले. ब्राउंकर व वॉलिस ह्या इंग्रज गणितज्ञांनी फेर्माच्या आव्हानास आपल्या रीतीने उत्तर दिले. ही रीत प्रत्येक प्रकृतीला उत्तर देतेच, ह्याची उपपत्ती १७६८ च्या सुमारास लाग्रांझने दिली. आणि आपले चक्रवाल प्रत्येक वेळी इष्ट स्थळी पोहोचतेच, ह्याची उपपत्ती म्हैसूरच्या ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगारांनी १९२९-३० मध्ये मांडली. म्हणजे चक्र फिरत होते आठ-नऊ शतके. ते का थांबते हे निःशंकपणे कळले विसाव्या शतकात. हे सांगितल्याने भास्कराचार्य लहान होत नाहीत. उलट, उत्तर मिळणे आणि उत्तर मिळणारच हे सिद्ध होणे, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मुलाला कळते. आणि गणित म्हणजे काय हे त्याला कळले असे म्हणता येते.

नावाबाबतही तसेच. इंग्रजी पुस्तकांत ह्या समीकरणास पेल नावाच्या इंग्रज गणितज्ञाचे नाव आहे. ऑयलरकडून ते चुकून पडले आणि रूढ झाले. मराठीत लिहिताना आपल्याजवळ 'वर्गप्रकृती' हा जुना, अर्थपूर्ण शब्द असताना चुकीने पडलेले नाव आपण का वाहावे? मी माझ्या अनुवादांत 'वर्गप्रकृती' लिहितो आणि पहिल्या वेळी परके नावही सांगतो, म्हणजे पुढे मोठी पुस्तके वाचणाऱ्यास अडचण पडू नये.

कोणी म्हणेल, शाळेतल्या मुलांस हे फार कठीण होईल. मला तसे वाटत नाही. ह्या लेखात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि एक वर्गाचे सूत्र ह्यांपलीकडे काहीही आलेले नाही. आठवी-नववीचा विद्यार्थी दोन तासिकांत ही वाट चालू शकेल. दुसरा कोणी विचारील, संगणक क्षणात उत्तर देतो, मग हा खटाटोप कशाला? संगणकाच्या नेहमीच्या दशांश-गणितात पंधरा-सोळा अंकांपलीकडची अचूकता राहत नाही. एकोणीस अंकांतला शेवटचा एक तेथेही हरवतो, आणि तो राखण्यासाठी वेगळी योजना करावी लागते. ती करावी लागते हे ओळखणारा माणूस कोठून येणार? ज्याने एकदा तरी स्वतः ताळा घेतला असेल त्यातूनच.

ह्याकरिता शाळांना व ग्रंथालयांना माझी विनंती आहे. अशी संख्या भिंतीवर लावावयाची असेल तर तिच्याखाली तिच्या पायऱ्याही लावाव्या: १ व ८, ५ व ३९, १९५ व १,५२३, ३,८०५ व २९,७१८, आणि मग ती. जवळ एक कोरी वही ठेवावी आणि लिहावे, 'ताळा घेऊन पाहा.' ग्रंथपालांनी आमच्या पुस्तिकांतली चूक शोधणाऱ्या मुलाचे पत्र आमच्याकडे अवश्य पाठवावे. आणि आम्हा अनुवादकांसाठी नियम असा असावा की, संक्षेप करताना विशेषणे गाळावी, प्रसंग गाळावे, प्रसंगी थोरांची नावेही गाळावी. पायऱ्या गाळू नयेत. पायऱ्या गाळलेले विज्ञान ही केवळ एक वदंता असते.

रामघाटाला पाण्यापासून वर नेणाऱ्या पायऱ्या आहेत. त्या उतरल्याशिवाय गंगेला हात लागत नाही. वरून पाहणाऱ्यालाही गंगा दिसते हे खरे. पण तिचे पाणी थंड आहे की नाही हे त्याला दुसऱ्यास विचारावे लागते. आपल्या मुलांना ते विचारावे लागू नये.